ह्यांच्या जागी

६ मे, मंगळवार

आज ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवला तसाच राहतो. चेहरा उजवीकडे जरा उतरलाय. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप. समजतं सगळं, ऐकू येतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. आयुष्यभर दर रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून बोलणारा माणूस, आणि आता जवळ दोनच शब्द उरलेत. ‘बरं’ आणि ‘नाही’. ‘नाही’ क्वचित. बाकी सगळ्याला ‘बरं, बरं.’

मी म्हटलं, “अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या प्रत्येक म्हणण्याला इतक्या पटकन ‘बरं’ कधी म्हणाला नव्हतात.” हसले. डाव्या बाजूने का होईना, हसले.

मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

९ मे, शुक्रवार

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. लहानशा आहेत, माझ्या लेकीएवढ्या. चित्रांचे पत्ते घेऊन आल्या. कप, दार, खुर्ची, दिवा. चित्र दाखवायचं, आपण शब्द म्हणायचा नाही, वाट बघायची. फार तर पहिलं अक्षर ओठांनी दाखवायचं. म्हणाल्या, “पहिले काही महिने सोन्यासारखे असतात. ह्यात जे परत येतं ते येतं. थोडं थोडं चालेल, पण रोज.”

मला हसूच आलं. म्हटलं, “बाई, मी सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. अडलेल्या पोराच्या तोंडापुढे थांबायचं कसं, हे मला नका सांगू.”

त्या गेल्यावर मी पदर खोचला आणि शाळेतल्यासारखी टाळी वाजवून म्हटलं, “चला, पाठ घेऊया!” हे खुर्चीत नीट बसले, खरोखरच्या विद्यार्थ्यासारखे. कपाचं चित्र धरलं. ओठ हलले, कपाळावर घाम आला. मी थांबले. माझ्या वर्गात पोरं म्हणायची, बाई थांबतात तेव्हा बाहेर पळून जावंसं वाटतं आणि उत्तर पण येतं.

“कप,” हे म्हणाले.

आम्ही दोघं इतके रडलो की कपातला चहा गार झाला.

१४ मे, बुधवार

मंडळीचे सेक्रेटरी आले होते. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलताना नेहमी समोरच्याच्या खांद्याच्या वरून बघतात. म्हणाले, चर्चला नवा पाळक मिळायला वेळ लागेल, आणि साहेबांच्या हयातीत, साहेब बरे होत असताना दुसरा माणूस आणणं कुणालाच बरं वाटत नाही. मग म्हणाले, “पाळकीणबाई, साहेबांची जुनी प्रवचनं लिहिलेली आहेत ना? तुम्ही नुसती वाचून दाखवा. त्यांची जागा त्यांचीच राहील.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. “बरं, बरं,” हे म्हणाले. आनंदाने म्हणाले, असं मला वाटलं.

१८ मे, रविवार

वाचलं. चष्मा सारखा घसरत होता. हे पहिल्या बाकाशेजारी चाकाच्या खुर्चीत.

इथे खरं लिहायला हरकत नाही. ह्यांचं प्रवचन चांगलं असतं, बरोबर असतं, आणि फार लांब असतं. शनिवारी संध्याकाळी मी इस्त्री करत असायची आणि हे स्वयंपाकघरात उभं राहून मला ते वाचून दाखवायचे. मी म्हणायची, हा मधला भाग काढा. हे काढायचे. मी म्हणायची, इथे एखादी गोष्ट घाला. हे म्हणायचे, गोष्ट तू सांग, मी घालतो. मंडळीला ज्या गोष्टी लक्षात राहिल्या त्या बहुतेक इस्त्रीच्या टेबलावरच्या.

आज वाचताना सगळीकडे ‘इथे थांबायला हवं होतं’, ‘इथे बोलायला हवं होतं’ असं होत होतं. पण वाचलं तसंच. माणसं घड्याळ बघत होती. नेहमीसारखीच.

८ जून, रविवार

प्रभू, आज काय झालं ते तुलाच ठाऊक.

मालकाने सोपवलेलं धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या, बायबलातल्या ‘आळशी’ चाकरावर ह्यांचं प्रवचन होतं. दुसऱ्या पानावर आले आणि समोर पुढच्या बाकावर आमच्या शिंपीणबाई दिसल्या. गेल्या वर्षी त्यांचा तरणाताठा मुलगा गेला. तेव्हापासून त्या गाण्यात तोंड उघडत नाहीत. पूर्वी त्यांच्या आवाजाने काचा थरथरायच्या. आणि माझ्या तोंडून निघालं, “तो चाकर आळशी नव्हता हो. तो घाबरलेला होता. मला माहीत आहे, कारण मी तो चाकर आहे.”

कागद मी कधी बाजूला ठेवला ते आठवत नाही. बोलत गेले. शाळेत गोष्ट सांगायची तशी, पण आतून कुणीतरी शब्द पुढे करत होतं आणि मला फक्त ते घ्यायचे होते. कुणी घड्याळ बघितलं नाही. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प. शेवटच्या गीताला शिंपीणबाई गायल्या. रडत गायल्या, बेसूर गायल्या, पण गायल्या.

बाहेर माणसं माझे हात सोडत नव्हती. सेक्रेटरी पहिल्यांदाच खांद्यावरून न बघता थेट डोळ्यांत बघून म्हणाले, “बाई, हे कृपादान आहे. हे शिकून येत नाही.”

मी धावत ह्यांच्याकडे गेले. “अहो, ऐकलंत?” “बरं, बरं,” म्हणाले आणि डाव्या हाताने माझा हात दाबला. जरा जास्तच जोरात. आनंद माणसाच्या मनात मावत नाही तेव्हा असंच होतं.

दुपारी जेवले नाहीत. इतका वेळ खुर्चीत बसून थकले असणार.

१० जून, मंगळवार

वडिलांची आठवण येते आहे. मी नऊ-दहा वर्षांची असताना अंगणात उलट्या बादलीवर उभी राहून कोंबड्यांना प्रवचन द्यायची. वडील म्हणाले होते, “देवाने ही जीभ चुकून मुलीला दिली.” सगळे हसले. मीही हसले. मग शिक्षिका झाले, पाळकाशी लग्न केलं. लोक म्हणायचे, शोभते.

चुकून नव्हती दिली. एवढंच लिहायचं होतं.

१९ जून, गुरुवार

आता ह्यांची जुनी प्रवचनं उघडतच नाही. सोमवारपासूनच पुढच्या रविवारचं डोक्यात घोळतं. भांडी घासताना बोलते, दळण आणताना बोलते. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा लिहायला बसते, त्यामुळे पाठ दुपारवर जातो. दुपारी ह्यांना झोप येते. उद्या दोन वेळा घेऊ, म्हणते.

कुणी म्हणेल, स्वार्थी. पण पहिलीच्या बाईचं काम म्हणजे नोकरी होती, पोटासाठी केली. हे जे आता आलंय ते वरून आलंय. वरच्याचं आधी.

२७ जून, शुक्रवार

घरी माणसांची रीघ. माझ्यासाठी येतात आणि जाताना ह्यांच्याजवळ बसतात. शिंपीणबाई तर बसतात त्या उठायचं नाव नाही. ह्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून मुलाबद्दल बोलत राहतात, तीच तीच गोष्ट. मी आतून लिहिता लिहिता ऐकते, लक्ष उडतं. आज बाहेर येऊन गोड शब्दांत म्हटलं, “बाई, साहेबांना विश्रांती सांगितलीय हो.” त्या बिचाऱ्या ओशाळल्या, उठल्या.

ह्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर दोनदा जोरात मारलं. “नाही. नाही.” डॉक्टर म्हणालेच होते, अशा आजारात चिडचिड होते. दारावर पाटी लावली: भेटण्याची वेळ संध्याकाळी पाच ते सहा.

घर कसं शांत झालं. लिहून झालं.

१३ जुलै, रविवार

उभं राहायला जागा नव्हती. शेजारच्या मंडळीतली माणसं आली होती. माझ्या तोंडून शब्द निघत होते आणि मीच चकित होऊन ऐकत होते.

पण घरी परतताना एक विचार आला, तो लिहून टाकते. प्रभू, एकाच घरात तू एकाची जीभ बांधलीस आणि दुसऱ्याची सोडलीस. हे कसलं वाटप? माझी सोडायला ह्यांची बांधावी लागली का? असं असेल तर मला सांगू नकोस.

१५ जुलै, मंगळवार

हे नवीन एक अक्षर बोलायला लागले. “पा.” सकाळी मी लिहायला बसले की डाव्या हाताने खुर्ची दारापर्यंत ढकलत आणतात आणि म्हणतात, “पा.” लगेच पाण्याचा पेला नेऊन दिला. घोटभर प्यायले, पेला परत दिला. थोड्या वेळाने पुन्हा, “पा.” पुन्हा पाणी.

पाणी हा शब्द येऊ घातलाय! बोलायला शिकवणाऱ्या बाईंना सांगायला हवं.

१८ जुलै, शुक्रवार

त्या बाई आल्या होत्या. विचारलं, “रोजचा सराव होतो ना?” मी म्हटलं, “होतो.”

खोटं बोलले. पाळकीणबाई, आणि ह्यांच्यासमोर. हे माझ्याकडे बघत होते. “बरं, बरं,” म्हणाले. मला सांभाळून घेतलं असंच म्हणायचं.

बाई म्हणाल्या, प्रगती जितकी हवी तितकी नाही. वयाचा भाग असेल.

पत्ते शोधले. माझ्या टिपणांच्या गठ्ठ्याखाली होते.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या उपासनेला येत नाही म्हणतात. म्हणजे, मी शर्ट पुढे केला तर “नाही”, आणि तोंड भिंतीकडे. सलग तिसरा रविवार. माणसांची गर्दी त्यांना सोसत नसावी. शेजारच्या आजी बसतील जवळ.

दिवसभर “पा, पा” चाललंय. पाणी दिलं तर आज पेलाच भिरकावला. जमीन पुसताना मी ओरडले. “एक दिवस मला शांतपणे काम करू द्याल का?” असं म्हणाले मी. देवाचं काम, असंही म्हणाले.

१७ ऑगस्ट, रविवार

सेक्रेटरी आणि दोन पंच उपासनेनंतर घरी आले. बिशपसाहेबांपर्यंत माझं नाव गेलंय. दुसऱ्या शहरात उपदेशकांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, राहण्याची सोय तिथेच. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. तो केला की मला रीतसर उपदेशक म्हणून नेमता येईल. ह्या वयात, आणि बाईमाणूस! सेक्रेटरी म्हणाले, “तुम्ही नुसतं हो म्हणा.”

मी कपबशा गोळा करू लागले. खुर्ची पलीकडेच होती, ह्यांनी सगळं ऐकलं. ते माझ्याकडे असे बघत होते, जसे लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या मंडळीतल्या बायकांपुढे बोलले तेव्हा बघत होते. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हाही नीट कळला नव्हता.

२३ ऑगस्ट, शनिवार

आमची लेक आली आहे, सुट्टी काढून. आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी मी टेबलाशी. हे दारात. “पा.” मी तिथूनच म्हटलं, “पोरी, पप्पांना पाणी दे गं.” ती पाणी घेऊन गेली. ह्यांनी मान हलवली. “पा.” ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. “पप्पा, पाणी नको? पाय दुखतोय? पांघरूण?” प्रत्येक वेळी “नाही.” मग ह्यांनी डावा हात उचलला, माझ्या टेबलाकडे दाखवलं, आणि तो हात उताण्या पडलेल्या उजव्या हातावर मारला. एकदा. टाळी वाजवायचा प्रयत्न करत होते.

लेक माझ्याकडे वळली. “आई, टाळी कशाची?”

माझ्या हातातलं पेन गळून पडलं. “पाठ,” मी म्हटलं. “पाठ म्हणतायत ते.”

एवढे दिवस. रोज सकाळी दारात येऊन माझ्याकडे पाठ मागत होते, आणि मी पाणी पाजत होते.

लेक कधी आवाज चढवत नाही, आज चढवला. “आई, गावातल्या अर्ध्या पोरांना तू वाचायला शिकवलंस. जी पोरं इतर बाईंनी सोडून दिली ती तू हाती धरलीस. आणि पप्पांना? पप्पांसाठी तुला वेळ नव्हता?”

मी म्हटलं, “मी देवाचं काम करत होते.”

“आणि हे कुणाचं होतं?”

मी वाकून पेन उचललं. माणसं म्हणतात माझ्या जिभेला उत्तरं लगेच सुचतात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना बोलावून खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. थोडा वेळ पत्ते नुसते सारखे करत बसल्या. म्हणाल्या, “सुरुवातीचा वेळ गेला. आता जे येईल ते थेंबाथेंबाने. काही येईल, बरंचसं नाही येणार. पण तुम्ही स्वतःला...”

मी विचारलं, “रोज घेतला असता तर?”

“ते कुणालाच सांगता येत नाही हो.”

चांगल्या आहेत म्हणून असं म्हणाल्या.

७ सप्टेंबर, रविवार

प्रवचन केलं, पंधरा मिनिटांत उरकलं. लोक म्हणाले, आज बाईंची तब्येत बरी दिसत नाही. सेक्रेटरींना सांगितलं, दुसरा माणूस बघा, ऑक्टोबरअखेर माझा शेवटचा रविवार.

रोज पाठ घेते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दोघांनाही थकवा येतो. ‘कप’ कधीच पुसला गेलाय. जो शब्द पहिल्याच दिवशी आला होता तो आता येत नाही. चित्र बघून हे ओळखीचं हसतात आणि ओठ उघडतात, आणि काहीच नाही. मी थांबते. पोरांपुढे थांबताना मला कधी भीती वाटली नव्हती, कारण शब्द येणार हे माहीत असायचं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दारावरची पाटी काढली. शिंपीणबाईंच्या घरी जाऊन म्हटलं, या ना बसायला, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, “चुकलं कसलं! पण खरं सांगू का पाळकीणबाई, राग मानू नका. पूर्वी साहेब भेटायला यायचे तेव्हा मी दोन वाक्यं बोलले की लगेच डोळे मिटून प्रार्थना सुरू करायचे. आता पुरतं ऐकून घेतात.”

मला हसू आलं. हसता हसता त्यांच्याच शिवणयंत्रावर डोकं टेकून रडले.

संध्याकाळी त्या आल्या. मुलाची तीच गोष्ट. हे ऐकत होते. डावा हात त्यांच्या हातावर. मी स्वयंपाकघरातून बघत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांच्यात बोलण्याची ताकद कमी म्हणून हे घराघरांतून फिरत बसतात.

५ ऑक्टोबर, रविवार

‘दार’ आला! आणि ‘दिवा’. दिव्याला ‘दिवा’, दाराला ‘दार’, अदलाबदल नाही. मी उठून नाचले. गुडघा धरला.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेक पुन्हा आली आहे. जेवताना विषय निघाला. महिनाअखेरीला अभ्यासक्रमाला होकार कळवायची मुदत संपते. मी म्हटलं, नकार कळवून टाकते.

लेक म्हणाली, “आई, मी इथल्या दवाखान्यात बदली मागितली आहे. जवळजवळ झालीच. वर्षभर मी पप्पांजवळ राहते. पाठ मी घेईन, तू शिकव कसा घ्यायचा ते. तू जा.”

“आता मला पप्पांना सोडून जायला सांगतेस? त्या दिवशी काय बोललीस?”

“तेव्हा रागात बोलले. तू पप्पांकडे बघितलं नाहीस, ते चुकलं. तू बोललीस, ते नव्हतं चुकलं. आई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत ह्या.”

“माझ्यासाठी एकच आहे,” मी म्हटलं. “त्या व्यासपीठावर उभी राहून मी ह्यांचे शब्द गमावले. ते दान मी देवाला परत करते. त्याने दुसऱ्या कुणाला द्यावं.”

“असं परत घेतो का तो?”

ह्यांनी टेबलावर हात आपटला. एकदा, दोनदा, पेले हलले. तोंड लाल, ओठ थरथरतायत, आवाज नाही. आमचं भांडण त्यांना सोसवेना. मी लेकीला डोळ्यांनी खुणावलं, विषय बंद केला, आणि त्यांना आत नेऊन निजवलं. निजले नाहीत. डोळे छताकडे.

२० ऑक्टोबर, सोमवार

पाठ होतो तेव्हा हे मधेच चित्रांचे पत्ते बाजूला सारतात आणि माझ्या ओठांकडे बोट करतात, मग खिडकीबाहेर. काहीतरी नवं शिकायचंय. मी रस्त्यावर जे दिसेल ते सांगते. गाडी? झाड? माणसं? दर वेळी “नाही”. आता मी घाईने अंदाज करायचा नाही असं ठरवलंय. म्हटलं, “सापडेल तेव्हा तुम्हीच म्हणा. मी थांबते.”

२६ ऑक्टोबर, रविवार

माझा शेवटचा रविवार.

सकाळी हे स्वतःहून शर्टाकडे हात करू लागले. मला वाटलं, निरोपाचा दिवस म्हणून. लेकीने टाय बांधला.

मी थोडंच बोलले. नवे पाळक पुढच्या रविवारी येतील, तरुण आहेत, त्यांना सांभाळून घ्या, असं म्हटलं. बायका रडत होत्या. माझ्या आत एक शब्द वर येत होता, मग दुसरा, पूर्वीसारखे, रांग लावून. मी त्यांना तिथेच बसवलं. तोंड मिटून घेतलं. ते सोपं नव्हतं, हे इथे लिहिते कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही. जिवंत काहीतरी हाताखाली दाबून धरावं तसं झालं.

शेवटच्या आशीर्वादाची वेळ आली तेव्हा हे खुर्चीतून उठायची धडपड करू लागले. लेकीने आणि सेक्रेटरींनी दोन्हीकडून धरलं, पायऱ्या चढवून वर आणलं. माझ्या शेजारी उभे राहिले, व्यासपीठाची कड डाव्या हाताने घट्ट धरून. मग तो हात सुटला आणि वर गेला. इतकी वर्षं आशीर्वाद देताना जायचा तसा.

सगळी मंडळी उभी. शब्द येईना. ओठ हलतायत, गळ्याच्या शिरा ताणल्यात. कुणीतरी मागे हुंदका दिला. आशीर्वादाचे शब्द मला पाठ आहेत, लहान पोरालाही असतात. माझ्या जिभेच्या टोकावर होते. मी ते म्हटले नाहीत. त्यांचा शब्द त्यांचा होता. मी थांबले. सगळी मंडळी थांबली. इतकी माणसं, आणि कुणी पाय सरकवला नाही.

आणि ह्यांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “जा.”

स्पष्ट. खणखणीत. एकच शब्द.

मंडळी एका आवाजात “आमेन” म्हणाली. शांतीने जा, असंच म्हणतात ना शेवटी? त्यातला शेवटचा शब्द त्यांना सापडला. मानेवर अजून ताबा नाही, म्हणून लोकांकडे बघायचं ते माझ्याकडे बघून झालं. माणसं रडत, एकमेकांना धरत बाहेर पडली. मीही त्यांना मिठी मारून म्हटलं, “आशीर्वाद दिलात हो! दिलात!” त्यांनी मान हलवली. “नाही,” म्हणाले. नम्र आहेत, पहिल्यापासूनच.

लेक तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. “आई,” म्हणाली, “आई, अगं...” मी म्हटलं, “आधी त्यांना खाली उतरव, पडतील.” घरी आल्यावरही ती काही सांगायला बघत होती. मी म्हटलं, आज नको, आज मला भरून आलंय.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी अभ्यासक्रमाला नकार कळवून आले. हलकं वाटेल असं वाटलं होतं. घरात न जाता अंगणातल्या पायरीवरच बसून राहिले. प्रभू, तुझं तुला पोचलं असेल तर तसं कळव.

आल्याबरोबर पाठ घेतला. दिव्याचं चित्र धरलं. हे चित्राकडे बघेनात. माझ्याकडे बघून म्हणाले, “जा.”

मी म्हटलं, “शाबास, पण हा दिवा आहे. दि...”

“जा.” डाव्या हाताने माझा दंड धरून दाराच्या दिशेने ढकलला. मी मागे वळून बघितलं, कुणी आलंय का. कुणी नव्हतं. “अहो, कुणाला जा म्हणताय?” त्यांचे डोळे भरून आले. “जा. जा.”

लेकीची बदली झालीय, ती इथल्या दवाखान्यात कामावर गेली होती, विचारायला कुणी नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. नवा शब्द सापडला की पोरं दिवसभर तोच धरून बसतात, सोडला तर हरवेल ह्या भीतीने. माझ्या वर्गातली सगळी तशीच असायची. आणि ‘कप’ हरवलाच की नाही? म्हणून पत्ते बाजूला ठेवले, खुर्ची समोर ओढली, गुडघ्याला गुडघा लावून बसले. म्हटलं, “बरं. आज हाच पक्का करूया. म्हणा.”

“जा.”

“छान. पुन्हा.”

“जा.”

“पुन्हा म्हणा.”

रडत होते, तरी म्हणत होते. मीही रडत होते, आणि टाळ्या वाजवत होते. जेवायची वेळ होईपर्यंत आम्ही तो एकच शब्द घोटला. आता विसरणार नाहीत.